चार्जरला २२ इंची चाके?

प्रश्न : कमी उंचीच्या स्प्रिंग बसवलेल्या २०१९च्या डॉज चार्जरला (मूळ टायर २४५/४५ आर२०) २२ इंची चाके बसतील का? – एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : बसतील, पण वळणावर घासतात का, हे आधी पाहायला हवे.

चार्जरच्या चाकाला पाच बोल्ट, ११५ मिलिमीटरच्या वर्तुळावर. कमारो गाडीचे १२० मिलिमीटरचे. त्यामुळे कमारोची स्वस्तातली चाके नजरेला जुळली तरी घेऊ नयेत. बाजारातल्या चाकाचे मधले छिद्र बहुधा मोठे असते. तिथे हबच्या मापाची रिंग घातली नाही, तर महामार्गावर स्टिअरिंग थरथरू शकते.

आता टायर. मूळ टायरची उंची साधारण ७२८ मिलिमीटर. २६५/३५ आर२२ घेतल्यास ती ७४४ होते, म्हणजे काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी १०२च्या वेगाने पळत असेल. एवढे चालते. खरी किंमत रबराच्या भिंतीला मोजावी लागते : ११० मिलिमीटरवरून ती ९३वर येते आणि हिवाळा सरल्यावरचे न्यू जर्सीतले खड्डे रिमला भिडतात. त्यात स्प्रिंग खाली बसवलेल्या! स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, गाडीत चार माणसे बसवून टायर फेंडरच्या अस्तराला लागतो का ते तपासावे. टायरची भारक्षमता मूळपेक्षा कमी नको.

गंमत म्हणजे २०२०च्या चार्जर वाइडबॉडीला डॉजने २० इंचीच चाके ठेवली. रुंदी मात्र ११ इंच केली आणि ३०५चे टायर चढवले. पकड हवी असेल तर हाच मार्ग. २२ इंची चाके मुख्यतः मिरवण्यासाठी.