पुस्तक उघडं, कलम सापडेना

वकिलीच्या सनदेसाठीच्या परीक्षेला पुस्तकं नेता येतात हे कळलं की नव्या वकिलाचा चेहरा खुलतो. माझाही खुलला होता. अखिल भारतीय बार परीक्षा 2011 साली सुरू झाली. आमच्या वेळी आत काहीही चालायचं: बेअर ॲक्ट (कायद्याचा नुसता मूळ मजकूर), गाइड, नोट्सच्या झेरॉक्स. लोक लांबच्या प्रवासाला निघाल्यासारखे चाकांच्या बॅगा ओढत हॉलमध्ये येत.

बाकावर मात्र जागा एका उघड्या पुस्तकापुरती. शेजाऱ्याचा ढीग सुरुवातीलाच कोसळला आणि पुढचा पेपर त्याने अर्धा बाकाखाली वाकून सोडवला. मला हसायला सवड नव्हती. तात्पुरत्या मनाई हुकमाचं कलम काही केल्या सापडत नव्हतं. सापडणार कुठून? दिवाणी प्रक्रिया संहितेची 158 कलमं संपल्यावर मागे 51 ऑर्डर लागतात, त्यातल्या 39 व्या ऑर्डरमध्ये मनाई हुकूम आहे. कॉलेजात हे तोंडपाठ होतं. पण पुस्तक हाताशी आहे म्हटल्यावर डोकं आठवायचे कष्टच घेत नाही. खरा धोका हा, बाकी सगळं किरकोळ.

प्रश्न 100 आणि प्रत्येकाला जेमतेम दोन मिनिटं. तेव्हा पहिली फेरी पुस्तकं मिटून करा. येतं ते सोडवा, शंका आहे तिथे खूण करा आणि मग फक्त खुणेच्या प्रश्नांसाठी पुस्तक उघडा. तेही कायद्याच्या सुरुवातीला असलेल्या कलमांच्या यादीतून. मधूनच पानं चाळत बसू नका.

2021 च्या सोळाव्या परीक्षेपासून गाइड आणि नोट्स बंद झाल्या. आता टिपणं नसलेले बेअर ॲक्टच चालतात. माझ्या ज्युनिअरना मी एकाच प्रकाशकाची, एकाच आवृत्तीची दोन पुस्तकं घ्यायला लावतो. एक वर्षभर रेघोट्या मारायला, दुसरं परीक्षेला न्यायला कोरं. कलम डाव्या पानावर खाली आहे की उजव्या पानावर वर, हे डोळ्यांना आठवतं. आवृत्ती बदलली की ती आठवण फुकट जाते. खर्च दुप्पट होतो, पण परीक्षा पुन्हा देण्यापेक्षा स्वस्त.

1 जुलै 2024 पासून फौजदारी कायदे बदलले, आणि जुने आकडे डोक्यात मुरलेल्यांची पंचाईत झाली. खुनाच्या शिक्षेचं 302 आता भारतीय न्याय संहितेत 103 आहे. नव्या संहितेतही 302 आहेच, पण ते धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांबद्दल. त्याहून फसवं 482. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचं कलम होतं. नागरिक सुरक्षा संहितेत 482 म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि अंगभूत अधिकार गेले 528 मध्ये. घाईत ओळखीचा आकडा दिसला की हात आपोआप तिकडे वळतो. मोठ्या भावाची किंवा सीनियरची जुनी पुस्तकं प्रेमाने मिळतात. ती घरीच ठेवा.

काही प्रश्न तर बेअर ॲक्टमध्ये नसतातच. केशवानंद भारती खटल्याचा निकाल 1973 चा, हे संविधानाची कितीही पानं उलटली तरी मिळणार नाही. गाजलेले निवाडे आणि लॅटिन सूत्रं डोक्यातच न्यावी लागतात. तयारीचा वेळ आधी त्यांना द्या. बेअर ॲक्टचा सराव चहाच्या वेळीही होतो: मित्राने विषय सांगायचा, तुम्ही घड्याळ लावून कलम काढायचं. अर्ध्या मिनिटात पान आलं नाही, तर तो कायदा तुम्ही वाचलेला नाही.

चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा, पुस्तकं मिटा आणि उत्तरपत्रिकेतली रिकामी वर्तुळं भरा. भरताना प्रश्नाचा क्रमांकही पडताळा. एक प्रश्न सोडून पुढे गेल्यावर खालची सगळी उत्तरं एकेक घर सरकलेली, आणि हे शेवटच्या घंटेला लक्षात आलेलं, अशी मंडळी दर परीक्षेनंतर बाररूममध्ये भेटतात.