न संपणारा खेळ

हर्णे बंदरावरचा संध्याकाळचा लिलाव तुम्ही अनेकदा पाहिला असेल. होड्या किनाऱ्याला लागतात, मासळी वाळूवर मांडली जाते आणि बोली सुरू होते. कोणाचा माल ताजा, कोण भाव किती ताणतो, हे रोज येणाऱ्यांना तोंडपाठ असते. समजा, एके दिवशी कोणी सांगितले, "उद्यापासून बोली बंद. मासळी या खिडकीत द्या, पैसे त्या खिडकीतून घ्या," तर?

असाच बदल एका खेळात झाला. त्या खेळाचे नाव रूनस्केप. इंग्लंडमधील अँड्र्यू गाऊर आणि त्यांच्या भावांनी तो 2001 मध्ये संगणकावर सुरू केला. मोबाइलवरचे लढाईचे खेळ तुम्हांला ठाऊक आहेत. ते थोड्या वेळात संपतात. हा खेळ मात्र संपत नाही. खेळाडू त्यात एक भूमिका घेतो, हजारो लोकांबरोबर एकाच काल्पनिक देशात राहतो आणि लढाई, स्वयंपाक, लोहारकाम, मासेमारी अशी कामे शिकतो. मासेमारीत पहिल्या पायरीवर कोळंबी मिळते, चाळिसाव्या पायरीवर शेवंड आणि शहात्तराव्या पायरीवर शार्क!

शेवटची पायरी 99 ची. पण ब्याण्णवाव्या पायरीवर पोहोचलात, की तुमची निम्मीच वाट झालेली असते, बरे का! तिथून पुढच्या सात पायऱ्यांना आधीच्या सगळ्या पायऱ्यांइतकेच गुण लागतात. नवा खेळाडू एका दुपारी अनेक पायऱ्या चढतो. जुना खेळाडू एकाच पायरीवर कित्येक दिवस घालवतो. मग तो मासे पकडत पकडत गप्पा मारू लागतो. त्याला खेळापेक्षा सोबत हवीशी वाटते.

पूर्वी या देशात दुकानदारी तोंडी चाले. व्हॅरॉक शहरातल्या पेढीबाहेर खेळाडू गर्दी करत आणि आपल्या मालाची जाहिरात टंकून टंकून करत. नोव्हेंबर 2007 मध्ये कंपनीने एक मोठे बाजारघर उघडले. वस्तू आणि किंमत नोंदवायची, की सौदा आपोआप होई. कोणाकडून घेतले, हे कळतही नसे. पुढे 20 नोव्हेंबर 2012 रोजी लढाईची रीतच बदलली. वर्षानुवर्षे कमावलेले कसब एका दिवसात जुने झाले. पुष्कळ जुने खेळाडू निघून गेले.

आपल्या बंदरातही शिडाच्या होड्या गेल्या, यंत्राच्या आल्या. पण समुद्र तोच राहिला. म्हाताऱ्या तांडेलाला ठाऊक असलेली भरती-ओहोटी आजही चुकत नाही. खेळातला समुद्र मात्र कंपनीच्या मालकीचा असतो. ती तो रातोरात बदलू शकते. हा फरक मला फार मोठा वाटतो.

या कंपनीकडे ऑगस्ट 2007 मधील खेळाची एक प्रत शिल्लक होती. ती पुन्हा सुरू करावी का, असे तिने 2013 च्या फेब्रुवारीत खेळाडूंना विचारले. सुमारे साडेचार लाख मते पडली आणि 22 फेब्रुवारीला जुना खेळ परत आला. जुनी कमाई मात्र परत मिळाली नाही. शार्क पकडणारेसुद्धा पुन्हा कोळंबीपासून सुरुवात करू लागले! यापुढे नवा बदल मतदानानेच करायचा आणि शंभरात 75 मते मिळाली तरच, असेही ठरले. (नंतर ही अट 70 वर आली.)

आता गंमत ऐका. त्या परत आलेल्या खेळात बाजारघर नव्हते. पेढीबाहेरची बोली पुन्हा सुरू झाली होती. तरी 2015 मध्ये खेळाडूंनी स्वतःच मत देऊन बाजारघर परत आणले. दर सौद्यासाठी तासभर ओरडत उभे राहायला त्यांना आता वेळ नव्हता. पहिल्यांदा तो खेळ खेळले तेव्हा त्यांतले कितीतरी जण तुमच्याच वयाचे होते; आता ते नोकरीधंद्याला लागले होते.

त्या बाजारघरासमोर आजही गर्दी असते. सौद्यासाठी कोणाशी बोलावे लागत नाही. तरीही काही जण तिथे नुसतेच उभे राहतात आणि गप्पा मारतात.