टुकला निघण्याआधी

एडमंटन, फेब्रुवारी

चि. मुक्तास,


तुझा नकाशा मिळाला. व्हॅन्कुव्हरपासून आर्क्टिक महासागरापर्यंत ओढलेली ती लाल रेघ ताईनेही पाहिली आहे आणि मी तुला अडवावं अशी तिची अपेक्षा आहे. मी अडवणार नाही. रेघेखाली 'जुलै, १४ दिवस' असं जे लिहिलं आहेस, त्यातले '१४ दिवस' मात्र आधी खोडून टाक.

हिशेब कर. व्हॅन्कुव्हर ते व्हाइटहॉर्स साधारण २४०० किलोमीटर. तिथून डॉसन सिटी ५३० च्या आसपास. डॉसनपासून चाळीस किलोमीटर अलीकडे डेम्पस्टर हायवेचा फाटा लागतो, त्या फाट्यापासून इनुविक सुमारे ७४० आणि इनुविकपासून टुक्टोयाक्टुक, म्हणजेच टुक, आणखी १३८. एका बाजूचे झाले ३८०० च्या वर. जाऊन-येऊन साडेसात हजारांहून जास्त. रोज पाचशे किलोमीटर धरलेस तरी पंधरा दिवस नुसते मोटरसायकलवर जातात. त्यात पाऊस नाही, पंक्चर नाही, फेरीबोट बंद नाही, पाठ धरलेली नाही. तीन आठवड्यांची रजा मिळत नसेल तर यंदा डॉसनपर्यंतच जा, टूमस्टोनचे डोंगर बघ आणि परत ये. तीही मोठीच सफर आहे.

जाता जाता एक सांगतो, कारण हसू येण्याजोगी असली तरी ही चूक लोक खरोखर करतात. डॉसन क्रीक आणि डॉसन सिटी ही दोन वेगळी गावं आहेत. पहिलं ब्रिटिश कोलंबियात, जिथून अलास्का हायवे सुरू होतो. दुसरं युकॉनमध्ये, सोन्याच्या गर्दीचं. दोघांमध्ये जवळजवळ दोन हजार किलोमीटर आहेत. मुक्कामाची खोली ठरवताना पत्ता नीट वाच.

तू मनाली-लेह केलं आहेस आणि त्याचा उपयोग होईल. तांदीच्या पंपावरची पाटी आठवते ना, 'पुढचा पंप ३६५ किलोमीटर'? गंमत म्हणजे डेम्पस्टरच्या फाट्यापासून पहिला पंप असलेलं ईगल प्लेन्स ३६९ व्या किलोमीटरवर आहे. आकडे जुळतात, बाकी काही जुळत नाही. लेहच्या वाटेवर सरचू आहे, पांग आहे, तंबूत मॅगी आणि चहा आहे, लष्कराची छावणी आहे, मागून येणारे ट्रकवाले आहेत. इथे खिंड जेमतेम तेराशे मीटरची, त्यामुळे धाप लागणार नाही, डोकं दुखणार नाही. पण त्या ३६९ किलोमीटरमध्ये ना दुकान, ना घर, ना मोबाइलला रेंज. अडचण आली तर दुसरी गाडी कधी येईल ते सांगता येत नाही.

पेट्रोलचं बघ. तुझ्या व्ही-स्ट्रॉमची टाकी वीस लिटरची. लिटरला बावीस मिळतात म्हणतेस, म्हणजे ४४० किलोमीटर. डॉसनला टाकी भरलीस तर ईगल प्लेन्सला पोचेपर्यंत सुमारे ४१० होतात. कागदावर बसतं. पण सामान लादलेलं, खडीचा रस्ता, समोरून वारा, असं असलं की अ‍ॅव्हरेज एकोणिसावर यायला वेळ लागत नाही, आणि मग टाकी ३८० ला कोरडी पडते. म्हणून पाच लिटरचा कॅन बरोबर हवाच. परतीलाही तोच कॅन भरून घ्यायचा. येताना माणूस बेफिकीर होतो.

आता रस्ता. त्याखालची जमीन कायमची गोठलेली आहे. डांबर किंवा उघडी माती उन्हाने तापली की खालचं बर्फ वितळतं आणि रस्ता खचतो. म्हणून जमिनीवर मीटर-दोन मीटर जाडीचा खडीचा थर टाकून त्यावरून रस्ता नेला आहे. बांधावरून गाडी चालवल्यासारखं वाटतं. कडा भुसभुशीत असतात आणि खाली उतार तीव्र असतो, तेव्हा फोटोसाठी कडेला गाडी लावू नकोस. स्टँड रुततो. जिथे रस्ता रुंद आणि घट्ट आहे तिथेच थांब. मध्येच तो एकदम ऐसपैस रुंद झालेला दिसला तर दचकू नकोस, अडीअडचणीला तिथे विमान उतरवतात.

कोरड्या दिवशी हा रस्ता तुला आवडेल. धूळ बसावी म्हणून त्यावर कॅल्शियम क्लोराइड मारतात आणि तो सिमेंटसारखा कडक होतो. पाऊस पडला की तोच साबण होतो. त्यात ग्रेडर नुकताच फिरून गेला असेल तर मधोमध सैल खडीचा वरंबा असतो, आणि पुढचं चाक त्यात शिरलं की हँडल आपलं ऐकत नाही. अशा वेळी हँडल घट्ट आवळायचं नाही, पुढचा ब्रेक दाबायचा नाही, फूटपेगवर उभं राहून ॲक्सिलरेटर एकसारखा ठेवायचा. हे वाचून येत नाही. एप्रिलपासून प्रत्येक शनिवारी घराजवळचा एखादा लाकूडतोडीचा कच्चा रस्ता गाठ आणि पूर्ण सामान लादून चालव. समोरून ट्रक आला की वेग कमी करून उजवीकडे सरक, काच खाली घे. दगड उडतात. संध्याकाळी पाणी मिळालं की रेडिएटर, चेन आणि ब्रेक धुऊन काढ. तो चिखल वाळला की दगड होतो, शिवाय क्षार धातू खातो.

टायर नवे टाक, जाड खाचांचे. काही पट्ट्यांत खडी म्हणून टाकलेला दगड पाटीचा आहे, फुटला की त्याला सुरीसारखी धार येते. तुझे टायर ट्यूबलेस आहेत, म्हणून पंक्चरचे प्लग आणि छोटा कॉम्प्रेसर बरोबर घे आणि घरी जुन्या टायरला भोक पाडून प्लग भरायची सवय कर. टायरची कड फाटली तर मात्र प्लग उपयोगाचा नाही, त्याला मदतच लागते. आणखी एक परीक्षा. पार्किंगमध्ये गादीवर गाडी आडवी पाड आणि एकटीने उचल. आधी सामान सोडवायचं, मग पाठ सीटला लावून पायांच्या जोरावर. नाही उचलली गेली तर सामान कमी कर. तुझी यादी पाहिली, निम्मी कमी होईल. ड्रोन घरी ठेव.

दोन नद्यांवर पूल नाही. फोर्ट मॅकफर्सनच्या अलीकडे पील आणि त्सीगेहचिकजवळ मॅकेन्झी. उन्हाळ्यात सरकारी फेरीबोट, तिकीट नाही. हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून रस्ता. मधल्या काळात, म्हणजे बर्फ फुटताना आणि धरताना, काहीच नाही. बोटी साधारण जूनच्या सुरुवातीला सुरू होतात, पण पाणी फार चढलं तर उन्हाळ्यातही थांबतात. बोटीवर चढायचा उतार ओल्या खडीचा असतो. पट्टीचे चालवणारे तिथे आडवे होतात. आधी उतरून पायी बघून ये.

महिना बरोबर आहे का, असं विचारलं होतंस. जूनअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत इनुविकला सूर्य मावळतच नाही. उजेड भरपूर, आणि डासही भरपूर. जाळीची टोपी घे, तुला ती हास्यास्पद वाटते हे मला माहीत आहे. ऑगस्टच्या मध्यानंतर डास कमी होतात, टुंड्रा लाल-पिवळा होऊ लागतो, पण रात्री गारठा आणि बर्फाची शक्यता. मी जुलै म्हणेन. अखंड उजेडाची एक फसवणूक मात्र आहे. अंधार पडत नाही म्हणून माणूस थांबत नाही, आणि दमलेल्या हातांना खडी समजत नाही. घड्याळ बघून थांब.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते सांगतो. या रस्त्याला डेम्पस्टर नाव पडलं ते घोडदळ पोलिसांतल्या कॉर्पोरल विल्यम डेम्पस्टरवरून. १९१० च्या डिसेंबरात इन्स्पेक्टर फ्रान्सिस फिट्झजेराल्ड तीन माणसं आणि कुत्र्यांच्या गाड्या घेऊन फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनला टपाल घेऊन निघाला. अंतर साडेसातशे किलोमीटरच्या वर. लवकर पोचायचं म्हणून त्याने शिधा कमी घेतला. वाटेत भेटलेल्या ग्विचिन माणसाला एका टप्प्यापुरतं बरोबर घेतलं आणि पैसे देऊन परत पाठवलं. पुढे ज्या ओढ्यावरून वळायचं तो ओढा त्यांच्या वाटाड्याला सापडेना. ते शोधत राहिले, शिधा संपत गेला, आणि माघारी फिरले तेव्हा उशीर झाला होता. शेवटी स्वतःची कुत्री खाऊन चालत राहिले. शोधाला निघालेल्या डेम्पस्टरला मार्च १९११ मध्ये चौघांची प्रेतं सापडली. शेवटचे दोघे फोर्ट मॅकफर्सनपासून अवघ्या चाळीस किलोमीटरवर होते. डेम्पस्टरने चार्ली स्ट्युअर्ट नावाचा ग्विचिन वाटाड्या बरोबर घेतला होता.

फिट्झजेराल्ड नवखा नव्हता, उत्तरेत त्याची वर्षं गेली होती. त्याच्याकडे धाडस कमी नव्हतं, शिल्लक कमी होती. शिध्याची शिल्लक, दिवसांची शिल्लक. आणि कुठून परत फिरायचं हे त्याने निघण्याआधी ठरवलं नव्हतं, म्हणून ते ठरवायची वेळ आली तेव्हा तो भुकेला, थकलेला आणि अडकलेला होता. फोर्ट मॅकफर्सनला चर्चच्या आवारात त्या चौघांना पुरलं आहे. तू त्याच गावातून जाणार आहेस. थांबून ये.

म्हणून नकाशासोबतच्या तुझ्या त्या सुंदर तक्त्यात एक रकाना वाढव, परतीचा. तो आत्ता, घरी, पोट भरलेलं असताना भर. माझ्या मते त्यात असं असावं: निघाल्यापासून नवव्या दिवशीही डॉसनमध्येच असशील, तर डेम्पस्टर नाही. डॉसनला पुढच्या दोन दिवसांचा पाऊस सांगितला असेल, तर तिथेच थांब. चिखलात चालवून गाठलेलं अंतर कोरड्या दिवशी निम्म्या वेळात होतं. ईगल प्लेन्सपर्यंत एक टायर कामातून गेला असेल, तर दुसरा मिळेपर्यंत पुढे नाही. बोट बंद असेल तर दोन दिवस वाट बघ आणि मग मागे फिर, नदी कधी उतरेल याचा अंदाज करत बसू नकोस. तीन दिवस कुठेही न वापरता शिलकीत ठेव. टुकला पोचल्यावर ते उरले तर तिथे खर्च कर. इब्युक नावाची पिंगो आहे, पोटात बर्फ असलेली जवळजवळ पन्नास मीटर उंचीची टेकडी, ती बघ. गावात इनुविआलुइट लोक राहतात, त्यांच्या मासे वाळवायच्या मांडवांचे फोटो काढण्याआधी विचार.

विचारण्यात संकोच नको. युकॉनची रस्त्यांची सेवा ५११ आहे, ती रोज सकाळी बघ. पण समोरून आलेल्या ट्रकवाल्याला 'पुढे कसं आहे?' विचारलंस तर अधिक कळेल.

अस्वलं आहेत, ग्रिझलीसुद्धा. स्प्रे व्हाइटहॉर्सला घे आणि बॅगेच्या तळाशी नव्हे, कमरेला ठेव. ताई मेतकूट, लसणीची चटणी आणि चकल्या पाठवणार, तिला अडवणं माझ्याच्याने होणार नाही. पण त्यातलं काहीही तंबूत नको. चटणीच काय, टूथपेस्टसुद्धा नको. तळावर खाण्याच्या पेट्या असतील तिथे ठेव, नसतील तर हवाबंद डब्यात घालून तंबूपासून लांब. स्वयंपाकही तंबूपासून दूरच कर.

सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं यंत्र विकत घे किंवा भाड्याने घे, आणि त्याची वर्गणी चालू आहे ना ते निघण्याआधी एकदा संदेश पाठवून पाहा. दुसऱ्या प्रांतात हेलिकॉप्टरने न्यावं लागलं तर त्याचा खर्च तुझ्या प्रांताच्या आरोग्यविम्यात सहसा बसत नाही. वेगळा प्रवास विमा काढ आणि त्यात मोटरसायकल वगळलेली नाही ना, हे वाचून घे. रोज रात्री मला एक ओळ पाठव, कुठे आहेस आणि उद्या कुठे. ती वेळ टळून बारा तास झाले तरी संदेश आला नाही तर मी काळजी करीन, चोवीस तास झाले तरी आला नाही तर फोन फिरवायला लागेन. हे आपल्या दोघांत आधीच ठरलेलं असू दे, म्हणजे यंत्राची बॅटरी संपली म्हणून उगाच कोणाला विमान काढावं लागणार नाही.

ताईशी मी बोलतो. तू फक्त रजेचं बघ आणि परतीचा रकाना भरलेला तक्ता मार्चअखेर मला पाठव. तो येईपर्यंत टायरचे पैसे भरू नकोस.

तुझा,
सुधामामा