दृष्टी आणि दर्शन : बार्तीमयाच्या कथेचा एक अभ्यास



या अहवालाच्या पुढील पानांवर ताळेबंद, जमाखर्च आणि शस्त्रक्रियांचे तक्ते आपण पाहालच. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. आकड्यांवर आमची श्रद्धा आहे. परंतु किती डोळ्यांवर उपचार झाले हे तक्ता सांगतो, किती माणसे आम्हाला दिसली हे सांगत नाही. म्हणून आकड्यांपूर्वी ‘दिसणे’ या विषयाचा ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या आधारे थोडा अभ्यास आपणापुढे ठेवीत आहोत. वाचक सर्व धर्मांचे आहेत याची आम्हास जाणीव आहे. हा धर्मोपदेश नव्हे; रुग्णसेवेसाठी घ्यावयाचा धडा आहे.

यरीहोच्या वाटेवर

मार्कलिखित शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात बार्तीमय नावाच्या अंध भिकाऱ्याची कथा येते. यरीहो नगरातून येशू मोठ्या जनसमुदायासह बाहेर पडत असता वाटेच्या कडेला बसलेला बार्तीमय त्याला हाका मारू लागतो. लोक त्यास गप्प बसण्यास बजावतात. तो अधिकच मोठ्याने ओरडतो. येशू थांबतो व त्यास बोलावून घेतो. मग तेच लोक त्यास धीर देऊ लागतात! अंगावरचे वस्त्र टाकून तो उठतो, आणि येशू त्यास विचारतो, तुझ्यासाठी मी काय करावे अशी तुझी इच्छा आहे?

आंधळ्यास काय हवे असणार, हे उघड असताना हा प्रश्न का विचारला असावा? आम्हास असे वाटते, की आजवर लोकांनी त्याच्यापुढे नाणी टाकली होती, पण त्याला काय हवे ते विचारले नव्हते. त्या प्रश्नाने भिकाऱ्याचा माणूस झाला. दुसरी गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे. येशू कोण आहे, हे त्या गर्दीत बार्तीमयाने ओळखले व दाविदाचा पुत्र म्हणून त्यास हाक मारली, ती डोळे मिळण्यापूर्वी. डोळे असलेल्या गर्दीला मात्र कडेला बसलेला माणूस दिसला नाही. म्हणजे शुभवर्तमानात ‘अंध’ हा शब्द दूषण म्हणून अंधांस लावलेला नाही. तो डोळस म्हणविणाऱ्यांपुढे धरलेला आरसा आहे. आपल्या मराठीनेही अंध ज्ञानी पुरुषास ‘प्रज्ञाचक्षू’ असे गौरवाचे नाव दिले आहे. विदर्भातील संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी नवव्या महिन्यातच गेली होती. त्यांस आपण याच नावाने ओळखतो.

केडगावचे बार्तीमी सदन

हा धडा महाराष्ट्राच्या भूमीत प्रत्यक्ष गिरविला गेला आहे. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती मिशन उभारले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत शेकडो निराधार स्त्रिया व मुलींना आसरा दिला. त्यांत अंध स्त्रियाही होत्या. त्यांच्या निवासास ‘बार्तीमी सदन’ असे नाव देण्यात आले. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई यांनी ब्रेल लिपी शिकून घेतली आणि ती येथील अंध स्त्रियांस शिकविण्यात आली. त्याच सुमारास, १९०० साली, मुंबईत ॲना मिलर्ड यांनी अंध मुलांसाठी शाळा सुरू केली.

बार्तीमयास दृष्टी परत मिळाली. केडगावच्या बहुतेक स्त्रियांस ती कधीच मिळणार नव्हती. तरीही हेच नाव का? कारण त्या कथेतील येशूचे थांबणे, बोलावणे आणि विचारणे डोळे बरे होण्यावर अवलंबून नव्हते. ज्या स्त्रीस समाजाने ओझे मानले, तिच्या हाती अक्षर देणे हेही दृष्टिदानच होते. जेथे औषध थांबते तेथे सेवा थांबत नाही, हे रमाबाईंनी एका नावातून सांगून ठेवले आहे.

पाप कोणाचे?

योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध मनुष्याची कथा आहे. त्यास पाहताच शिष्य विचारतात की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो. मातीचा लेप त्याच्या डोळ्यांस लावून त्यास शिलोहच्या तळ्यावर धुण्यास पाठवितो. मागे वळून दोष शोधण्याऐवजी पुढे काय करता येईल, याकडे तो लक्ष वळवितो.

हा प्रश्न दोन हजार वर्षांनंतरही मुखेड, कंधार, देगलूर, अहमदपूर या भागांतून आमच्याकडे येतच असतो. “मागल्या जन्मी काय केलं होतं कुणास ठाऊक,” असे म्हातारी माणसे स्वतःच म्हणतात. नातेवाईक म्हणतात, “आता वय झालं, चालायचंच.” दोन्ही वाक्यांचा परिणाम एकच, उपचारास उशीर. वास्तविक २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय पाहणीनुसार पन्नाशीपुढील व्यक्तींच्या अंधत्वापैकी सुमारे दोन तृतीयांश अंधत्व मोतीबिंदूमुळे होते, आणि मोतीबिंदू शस्त्रक्रियेने बरा होतो. तो ‘पिकण्याची’ किंवा हिवाळा येण्याची वाट पाहण्याचे आता कारण उरलेले नाही. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांनी दिवाळीनंतर गाव सोडण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांचे डोळे तपासून घ्यावेत, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

याच कथेत आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. तो मनुष्य प्रथम येशूस केवळ एक मनुष्य म्हणतो, पुढे संदेष्टा, मग देवाकडून आलेला, आणि अखेरीस त्यास नमन करतो. डोळे एका धुण्यात उघडले. अंतरीची दृष्टी मात्र पायरीपायरीने आली. उलट त्याची उलटतपासणी करणारे परूशी आपणांस सर्व दिसते या खात्रीपायी अधिकाधिक आंधळे होत गेले.

दृष्टी टप्प्याटप्प्याने येते

मार्काच्या आठव्या अध्यायात बेथसैदा येथील अंधास पहिल्या स्पर्शानंतर माणसे चालत्या झाडांसारखी दिसतात. दुसऱ्या स्पर्शानंतर सर्व स्पष्ट होते. डॉ. पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ या उपक्रमातील संशोधन या ठिकाणी आठवते. भारतातील ज्या मुलांचा जन्मजात अंधपणा शस्त्रक्रियेने दूर झाला, अशा पाच मुलांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. हाताने चाचपून ओळखलेली वस्तू त्यांना लगेच डोळ्यांनी ओळखता आली नाही; काही दिवसांत ते जमू लागले. डोळा प्रकाश आत घेतो, पण पाहणे शिकावे लागते. जे नेत्रांचे तेच अंतःकरणाचे.

आमच्याच व्हरांड्यात

आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी आमच्या मोफत शिबिराच्या दिवशी बाह्यरुग्ण विभागाचा व्हरांडा गर्दीने भरला होता. रांगेतील एक वृद्ध शेतकरी पुन्हा पुन्हा मोठ्याने म्हणत होते, “साहेब, डोळा लई ठणकायलाय, डोकं फुटायलंय.” आम्ही केसपेपरांच्या गठ्ठ्यात होतो. “बाबा, गप बसा, नंबर आला की बोलावतो,” असे आम्हीच त्यांना म्हणालो. मग ते गप्प बसले. दोन तासांनी त्यांचा नंबर आला, तेव्हा डॉक्टरांनी पाहताच ओळखले, काचबिंदूचा तीव्र झटका. डोळ्यातील दाब उतरविण्यात आला, परंतु त्या डोळ्याची दृष्टी बव्हंशी गेली ती गेलीच. हानी घरून निघण्यापूर्वी किती झाली होती आणि आमच्या व्हरांड्यात किती झाली, हे डॉक्टर सांगू शकले नाहीत. आम्हीही स्वतःस निर्दोष ठरवू शकलो नाही. त्या दिवसाच्या तक्त्यात मात्र शिबिर ‘यशस्वी’ अशीच नोंद आहे.

यरीहोची कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या कथेतील गर्दी आपणच आहोत, हे त्या दिवशी कळले. तेव्हापासून शिबिराच्या दिवशी केसपेपर काढण्यापूर्वी एक परिचारिका रांगेच्या शेवटापासून सुरुवातीपर्यंत चालत येते आणि प्रत्येकास विचारते, “तुम्हाला काय होतंय? काय हवंय?” अचानक लाल झालेला डोळा, तीव्र वेदना, डोकेदुखी, उलटी, दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे किंवा एकाएकी दृष्टी कमी होणे, यांपैकी काही आढळल्यास त्या रुग्णास रांग नाही. अशी लक्षणे घरी कोणास दिसल्यास आपणही शिबिराची वाट पाहू नये; जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे त्याच दिवशी जावे.

या व्यवस्थेस नवे यंत्र लागले नाही, फक्त थांबणे आणि विचारणे लागले. देणगीदारांच्या साहाय्याने शस्त्रक्रियागृहातील उपकरणे येतात आणि त्यांवाचून आमचे काम चालणार नाही, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो. परंतु ती उपकरणे ज्याच्यासाठी आहेत, तो व्हरांड्यात गप्प बसविला जाऊ नये, ही जबाबदारी आमची आहे.

बार्तीमय दृष्टी मिळताच घरी परतला नाही; तो येशूमागे त्याच वाटेने चालू लागला. ज्यास दिसू लागले त्याने चालू लागावे, हा या अभ्यासाचा शेवटचा धडा. पुढील पानांवरील आकडे वाचताना प्रत्येक आकड्यामागे वाटेच्या कडेला बसून हाक मारणारा एक माणूस आहे, हे आपण ध्यानी घ्यावे, आणि ती हाक ऐकण्यात आम्ही कोठे कमी पडलो तर आम्हास निःसंकोच सांगावे, ही नम्र विनंती.

आपले विनीत,
रुग्णालय व्यवस्थापन