तुकडे पोहोचले, फाइल पोहोचली का?

या वेळच्या बहुतेक पत्रांवर औरंगपुऱ्याचा पत्ता आहे. स्टुडिओ, शिकवण्या, पुस्तकांची दुकाने आणि सरस्वती भुवन शिक्षणसंस्थेत जाणारी मुले, सगळे एकाच वस्तीत. त्यामुळे मोठ्या फायली क्लाउडवर चढवण्याची अडचणही सगळ्यांची सारखीच असावी. निवडक सहा पत्रांना उत्तरे देतो.

शंका : माझा व्हिडिओ स्टुडिओ आहे. लग्नाची तयार फिल्म ४० जीबीपर्यंत जाते. भाच्याने पायथनमध्ये बोटो३ वापरून अपलोडची स्क्रिप्ट लिहून दिली आहे. रात्री ती लावून घरी जातो. मध्येच वीज गेली की सकाळी पुन्हा शून्यापासून सुरुवात. तुकड्यांनी पाठवले की असे होत नाही म्हणतात. मग आमचेच का होते? (स्टुडिओचालक, औरंगपुरा)

समाधान : तुमची स्क्रिप्ट तुकडेच पाडते आहे. बोटो३ मधले 'अपलोड फाइल' हे फंक्शन ८ एमबीपेक्षा मोठी फाइल दिसली की ८-८ एमबीचे तुकडे करते आणि एका वेळी दहा पाठवते. एखादा तुकडा अडला तर तेवढाच पुन्हा पाठवते. पण कोणते तुकडे गेले याची नोंद ते फक्त मेमरीत ठेवते. वीज गेली की नोंदही गेली. सकाळी स्क्रिप्ट नवा अपलोड आयडी घेते आणि रात्रीच्या तुकड्यांकडे वळूनही पाहत नाही. ते तुकडे मात्र क्लाउडवर तसेच पडून राहतात. त्याबद्दल पुढच्या एका पत्रात.

तुमची स्क्रिप्ट जिथे फाइल पाठवते ती ॲमेझॉनची एस३ ही साठवण सेवा मार्च २००६ मध्ये सुरू झाली आणि तुकड्यांनी अपलोड करण्याची सोय तिच्यात नोव्हेंबर २०१० मध्ये आली. तिचे तीन टप्पे आहेत. आधी अपलोड सुरू करून एक आयडी मिळवायचा. मग त्या आयडीखाली क्रमांक घातलेले तुकडे पाठवायचे. प्रत्येक तुकड्याची पोच म्हणून सर्व्हर 'ईटॅग' देतो. शेवटी सगळे क्रमांक आणि ईटॅग चढत्या क्रमाने लावून 'कम्प्लीट'ची विनंती करायची. पुस्तकाचे छापील फॉर्म बाइंडरकडे कोणत्याही क्रमाने जावोत, तो क्रमांक पाहून जुळवतो, तसेच हे आहे. शिवण पडेपर्यंत त्या गठ्ठ्याला पुस्तक म्हणत नाहीत. कम्प्लीट होईपर्यंत तुमच्या बकेटमध्येही, म्हणजे एस३ वरच्या तुमच्या साठ्यातही, ती फाइल दिसत नाही, मग सगळेच्या सगळे तुकडे पोहोचलेले का असेनात.

भाच्याला सांगा, ती नोंद डिस्कवर ठेव. अपलोड आयडी, तुकड्याचा आकार, फाइलचा आकार आणि ती शेवटची कधी बदलली ती वेळ, एवढे एका छोट्या जेसन फाइलमध्ये लिहून ठेवले की पुरे. स्क्रिप्ट सुरू होताच ही नोंद शोधावी, सापडली तर 'लिस्ट पार्ट्स'ने पोहोचलेल्या तुकड्यांची यादी मागवावी आणि उरलेलेच पाठवावेत. एखादा तुकडा पोहोचला की नाही अशी शंका असेल तर त्याच क्रमांकाने पुन्हा पाठवावा. नवा जुन्याची जागा घेतो. दोन पथ्ये मात्र पाळायची. मध्येच तुकड्याचा आकार बदलायचा नाही. आणि दरम्यान फिल्म पुन्हा एक्स्पोर्ट केली असेल तर जुना अपलोड रद्द करून नवा घ्यायचा, नाहीतर अर्धी जुनी आणि अर्धी नवी अशी फिल्म तयार होईल आणि कोणतीही चूक दाखवली जाणार नाही.

हिशेब करून पाहा. २० एमबीपीएस अपलोडच्या लाइनवर ४० जीबीला पावणेपाच तास लागतात. ६४ एमबीचे तुकडे केले तर ते ६४० होतात. एका वेळी चार पाठवले आणि वीज गेली, तर जास्तीत जास्त पावणेदोन मिनिटांचे काम वाया जाते. आणि यूपीएसला फक्त संगणक न जोडता राउटर आणि फायबरची पेटीही जोडा.

बकेट कोणत्या प्रदेशात, म्हणजे कोणत्या ठिकाणच्या सर्व्हरांवर आहे, तेही तपासा. ॲमेझॉनचा मुंबई प्रदेश २०१६ पासून आहे, मायक्रोसॉफ्ट अझूरचा पुण्याचा त्याच्याही आधी, २०१५ पासून. शिकवणीच्या व्हिडिओतून कोड उतरवला की अमेरिकेतला प्रदेश तसाच राहून जातो. मग प्रत्येक विनंती सातासमुद्रापार जाऊन येते.

शंका : स्वतः लिहिलेल्या कोडने छोट्या फायली जातात. ६० जीबीची फाइल मात्र बरीच पुढे जाऊन अडते. तुकडा ५ एमबीचा ठेवला आहे. (संगणकशास्त्राची विद्यार्थिनी)

समाधान : एस३ मध्ये एका फाइलचे जास्तीत जास्त १०,००० तुकडे चालतात. ५ एमबीच्या हिशेबाने ४८.८ जीबीला मर्यादा संपते. तुमच्या फाइलचे तुकडे होतात १२,२८८. आधी फाइलचा आकार १०,००० ने भागा, त्याहून मोठा तुकडा ठरवा, मगच अपलोड सुरू करा. तुम्हाला १६ एमबी ठीक राहील, ३,८४० तुकड्यांत काम होईल.

खालची मर्यादाही लक्षात असू द्या. शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा किमान ५ एमबीचा हवा, आणि इथे ५ एमबी म्हणजे ५२,४२,८८० बाइट. कोडमध्ये कोणी सरळ पन्नास लाख लिहिले तर सगळे तुकडे बिनतक्रार स्वीकारले जातात आणि 'तुकडा लहान आहे' ही चूक येते ती थेट कम्प्लीटच्या वेळी, सगळे पाठवून झाल्यावर. 'लिस्ट पार्ट्स' एका वेळी १,००० तुकडेच सांगते, हेही ध्यानात ठेवा. पुढची पाने मागवली नाहीत तर तुमचा कोड १,००१ पासूनचे सगळे तुकडे पुन्हा पाठवत बसेल.

एका वेळी किती तुकडे पाठवावेत, असेही तुम्ही विचारले आहे. चारपासून सुरू करा. लाइन भरली की आणखी थ्रेडने वेग वाढत नाही, मेमरी मात्र खर्च होते. ६४ एमबीचे ५० तुकडे एकदम उचलले तर ३ जीबीहून जास्त रॅम लागेल.

शंका : अपलोडनंतर एमडी५ ताडून पाहिला तर ईटॅगशी जुळत नाही. फाइल बिघडली का? (प्रकल्प करणारा विद्यार्थी)

समाधान : ईटॅगच्या शेवटी '-६४०' असे काही दिसते आहे ना? मग तो अख्ख्या फाइलचा एमडी५ नाहीच. प्रत्येक तुकड्याचा एमडी५ काढून, ते एकापुढे एक जोडून, त्या जोडाचा पुन्हा एमडी५ काढलेला असतो. पुढचा आकडा तुकड्यांची संख्या. हा हिशेब घरीही करता येतो. फक्त १६ बाइटचे कच्चे एमडी५ जोडायचे, अक्षरांत लिहिलेले नाहीत. मुले इथेच अडतात. केएमएस या किल्ल्या सांभाळणाऱ्या सेवेच्या किल्लीने एन्क्रिप्शन असेल तर हा मार्गही बंद.

माझा आग्रह असा की ईटॅगवर विसंबू नका. पाठवण्यापूर्वी मूळ फाइलचा एसएचए-२५६ काढून आपल्या वहीत आणि फाइलच्या मेटाडेटात लिहून ठेवा. एस३ आता सीआरसी-६४ प्रकारचा अख्ख्या फाइलचा चेकसमही देते, तोही मागून घ्या. आणि कम्प्लीटचे उत्तर पूर्ण वाचा. या विनंतीत २०० हा यशाचा क्रमांक येऊनही उत्तराच्या मजकुरात चूक असू शकते. बोटो३ ती पकडते. हाताने एचटीटीपी विनंती करणाऱ्यांनी मात्र स्वतः पाहायला हवी.

शंका : आमच्या शिकवणीच्या संकेतस्थळावरून शिक्षक तासांचे व्हिडिओ चढवतात. ब्राउझरमधून तुकडे जातात, पण ईटॅग रिकामा येतो. ॲक्सेस की जावास्क्रिप्टमध्येच ठेवली आहे. (शिकवणी वर्गाचे चालक)

समाधान : ईटॅगचे नंतर पाहू. ती की आजच्या आज रद्द करा आणि नवी घ्या. पान उघडणाऱ्या कोणालाही ती वाचता येते. तुमचे व्हिडिओ पुसणे आणि तुमच्या खात्यावर हवे ते साठवणे हे त्याच्या हातात जाते.

अपलोड आयडी तुमच्या सर्व्हरने घ्यायचा आणि प्रत्येक तुकड्यासाठी मुदतीची, सही केलेली लिंक ब्राउझरला द्यायची. किल्ली सर्व्हरबाहेर जातच नाही. अशा लिंकची कमाल मुदत सात दिवस असते. तुम्हाला तासाभराची पुरेल. ईटॅग येतो आहेच, ब्राउझर तो तुमच्या कोडला दाखवत नाही. बकेटच्या कॉर्स नियमांत 'एक्स्पोज हेडर्स'खाली ईटॅगचे नाव घाला.

शंका : बकेटमध्ये दिसतात त्या फायलींची बेरीज बिलातल्या साठ्यापेक्षा खूपच कमी भरते. (लेखापाल)

समाधान : हेच ते पडून राहिलेले तुकडे. अर्धवट अपलोड फायलींच्या यादीत येत नाहीत, पण त्यांचे भाडे चालू असते. 'लिस्ट मल्टिपार्ट अपलोड्स'ने ते पाहा आणि बकेटला लाइफसायकल नियम लावा : सात दिवसांत पूर्ण न झालेला अपलोड आपोआप रद्द. अझूर आपले न जोडलेले तुकडे आठवड्याने स्वतःच टाकून देते आणि गूगलचे अपलोड-सत्रही आठवड्याने संपते. एस३ मध्ये नियम तुम्हीच लावायचा. बकेट उघडाल त्याच दिवशी लावा.

शंका : अनंतराव भालेराव संपादक असतानाचे दैनिक 'मराठवाडा'चे अंक वडिलांनी जपून ठेवले होते. मी ते स्कॅन करतो आहे. एक पान सुमारे ३० एमबीचे होते. त्याचेही तुकडे करावेत का? आणि अपलोड झाले की हार्डडिस्क रिकामी करू का? (निवृत्त शिक्षक)

समाधान : सर, तुकड्यांची गरज नाही. एका विनंतीत ५ जीबीपर्यंतची फाइल जाते. साधारण १०० एमबीच्या पुढे तुकड्यांचा विचार करावा. ३० एमबीच्या पानाला तुकडे केले तर विनंत्या आणि त्यांचा खर्च तेवढा वाढेल. पाने अखंडच पाठवा, चार-चार एकदम, आणि प्रत्येकासोबत एमडी५ चे हेडर द्या. वाटेत एक बिट जरी बदलला तरी सर्व्हर ते पान नाकारेल.

हार्डडिस्क मात्र रिकामी करू नका. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडून घडीवर तुटतो, तेच पान दुसऱ्यांदा स्कॅन करता येईलच असे नाही. अंकाची तारीख, पान क्रमांक, फाइलचे नाव आणि एसएचए-२५६ अशी यादी करा. बकेटमध्ये व्हर्जनिंग सुरू करा, म्हणजे चुकून त्याच नावाने दुसरे पान चढवले तरी पहिले राहील. एका वर्षाचे अंक चढवून झाले की त्या वर्षातली काही पाने उतरवून यादीशी ताडा. जुळली, तरी डिस्क पुसू नका. तिची आणखी एक प्रत काढून दुसऱ्या घरी ठेवायला द्या. आणि यादीची एक प्रत कागदावर छापून अंकांच्या गठ्ठ्यासोबतच ठेवा.