रक्त वाढणे हाही आजार असू शकतो

‘अंगात रक्त कमी आहे’ ही तक्रार आमच्याकडे रोजचीच. त्यामुळे हिमोग्लोबिन १९ निघाले की घरची मंडळी खूश होतात. परंतु रक्त प्रमाणाबाहेर वाढणे हेही चांगले लक्षण नव्हे.

अमळनेर तालुक्यातील एक साठी उलटलेले शेतकरी माझ्याकडे आले. ‘डोकं जड लागस’ एवढीच तक्रार. चेहरा व डोळे लालसर. विचारल्यावर त्यांनी सांगितले की, गरम पाण्याने आंघोळ केली की अंगाला खाज सुटते, पुरळ मात्र उठत नाही. पोट तपासताना डाव्या बरगडीखाली वाढलेली पाणथरी हाताला लागली. हिमोग्लोबिन होते १९.२. पुढील तपासण्यांत ‘पॉलिसायथीमिया व्हेरा’ हे निदान पक्के झाले.

हा रक्ताचा दुर्मिळ व सावकाश वाढणारा कर्करोग आहे. यात हाडांतील मज्जा गरज नसताना तांबड्या पेशी तयार करीत राहते. रक्त काकवीसारखे दाट होते आणि त्यात गुठळ्या होऊ लागतात. गुठळी मेंदूत अडकली तर अर्धांगवायू, हृदयात अडकली तर झटका.

मात्र हिमोग्लोबिन वाढलेल्या प्रत्येकाला हा आजार नसतो. विडी-सिगारेट व फुफ्फुसाचे जुने विकार यांमुळेही ते वाढते. आपल्या खानदेशातील वैशाखात शरीरातील पाणी कमी झाले तरी रक्त तात्पुरते दाट दिसते. म्हणून भरपूर पाणी पिऊन तपासणी पुन्हा करावी. पुरुषांत १६.५ व स्त्रियांत १६ च्या वर आकडा कायम राहिला, तर रक्तविकारतज्ज्ञांना दाखवावे. २००५ साली या रोगातील ‘जेएके-२’ जनुकाचा दोष सापडला. शंभरपैकी सुमारे ९५ रुग्णांत तो असतो व रक्ताच्या नमुन्यावरून कळतो. गरजेप्रमाणे मज्जाही तपासतात.

उपचाराचे नाव ऐकून या शेतकऱ्याच्या घरचे गोंधळले. ‘रक्त चढवतात हे ठाऊक आहे, पण काढतात कसे?’ पण पहिला उपचार तोच! रक्तदानासारखे एका वेळी ३५० ते ४५० मिलिलिटर रक्त काढतात. रक्तातील पेशींचा भाग, म्हणजे हिमॅटोक्रिट, ४५ टक्क्यांच्या खाली ठेवायचा असतो. इटलीतील २०१३ च्या अभ्यासात, ही मर्यादा न पाळलेल्या गटात गुठळ्यांचे गंभीर प्रकार व हृदयविकाराचे मृत्यू मिळून सुमारे चौपट आढळले. जोडीला कमी मात्रेची अॅस्पिरिन देतात. साठीनंतर, किंवा आधी गुठळी झाली असल्यास, हायड्रॉक्सियुरिया हे औषध सुरू करतात. ही औषधे तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

एक सूचना महत्त्वाची. रक्त काढल्याने शरीरातील लोह घटते, पण म्हणून दुकानातून लोहाचे टॉनिक आणून पिऊ नये. त्याने पेशी पुन्हा झपाट्याने वाढतात. रोग मुळापासून जात नाही. परंतु विडी सोडून व वेळच्या वेळी तपासणी करून रुग्ण वर्षानुवर्षे आपले काम करू शकतो. तेव्हा वाचकहो, रिपोर्टमधील कमी आकडा जसा पाहता, तसा जास्तीचाही पाहा.