वजनाचा दिवस

पोशीर, ता. कर्जत

चि. बाय हिस,


अंगणवाडीत रुजू झालीस, बरं वाटलं. वजनाचा दिवस आला की पोटात गोळा येतो म्हणतेस. मलाही यायचा.

करगोटा, वाळे, ओली दुपटी आधी उतरव. पोर झोळीत हातपाय झाडतंय, काटा नाचतोय, दारात चार आया ताटकळल्यात, अशा वेळी अंदाजाने आकडा टाकायचा मोह होतो. टाकू नकोस. उंचीला तर दोघी लागतातच. दोन वर्षांच्या आतलं मूल आडवं मोजायचं; एकीने डोकं धरायचं, दुसरीने गुडघे सरळ करून टाचा फळीला टेकवायच्या. मदतनीस चुलीपाशी अडकलेली असते, मग सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर इकडचे तिकडे होतात आणि तेवढ्यावरून पोर मॅममधून सॅममध्ये, म्हणजे मध्यम कुपोषितातून तीव्र कुपोषितात, जाऊन बसतं. त्या दिवशी खिचडी अर्धा तास उशिरा होऊ दे.

मोबाइलवरचा पोषण ट्रॅकर सॅम, मॅम की साधारण, हे लगेच सांगतो. तू मात्र मागच्या तीन महिन्यांची वाढीची रेघ बघ. साधारण असूनही रेघ सपाट झालेलं पोर मला मॅममधून वर चढणाऱ्या पोरापेक्षा जास्त काळजीचं वाटतं.

माझी एक चूक सांगते. वाडीवरल्या एका पोराचं वजन महिन्यात 400 ग्रॅम वाढलं. मी खूश, आईला शाबासकीसुद्धा दिली. चार दिवसांनी नर्सबाईंनी त्याच्या पावलावर अंगठा दाबला, तर खड्डा तसाच राहिला. दोन्ही पाय सुजले होते. वाढलं होतं ते पाणी. पुढे मी काट्याआधी पाय बघायला लागले. दंडाची पट्टीही लाव. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड 11.5 सेंटिमीटरच्या खाली असेल, तर काटा काही म्हणो, दवाखान्यात पाठव.

दिवाळीनंतर कातकरी वाड्या वीटभट्ट्यांवर जातात आणि रेघ तिथेच तुटते, ती थेट पावसाळ्यापर्यंत. निघायच्या आधी आईच्या कार्डावर वजन, उंची, तारीख लिहून दे, म्हणजे तिकडच्या सेविकेला पुढे धरता येईल. आणि 'खायला घालत नाहीस का गं' असं आईला कधी विचारू नकोस.

काटा टांगलास की आधी पाण्याची भरलेली लिटरची बाटली अडकवून बघ. किलोच्या जरासा वर दाखवायला हवा. माझा एक काटा 200 ग्रॅम जास्त दाखवायचा, ते असंच कळलं.

तुझी,
आत्या